नफ्याचे वाटेकरी, तोट्याचे धनी

समर्थक : कामगाराला कारखान्याच्या मालकीत वाटा द्यावा, नफ्यात हिस्सा द्यावा, असं म्हणणाऱ्याला पूर्वी लोक भाबडा म्हणायचे. आता त्या म्हणण्यामागे अनेक वर्षांचं संशोधन उभं आहे. अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठाचे जोसेफ ब्लासी आणि डग्लस क्रूस, हार्वर्डचे रिचर्ड फ्रीमन, या तिघांनी 14 कंपन्यांतल्या 40,000 हून जास्त कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. 2010 मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्याआधी 1995 मध्ये डेरेक जोन्स आणि ताकाओ कातो यांनी जपानी कारखान्यांचा हिशेब मांडला होता : कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची योजना आली, की तीन-चार वर्षांनी उत्पादकता चार ते पाच टक्क्यांनी वाढलेली दिसते. मला त्या टक्क्यांपेक्षा ती तीन-चार वर्षं बोलकी वाटतात. शेअरचा कागद हातात पडला म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी बदलत नाही. आधी तो बघतो, हे खरं आहे का, हिशेब दाखवतात का, साहेब आपलं ऐकून घेतो का. विश्वास बसायला वेळ लागतो. एकदा बसला, की मग तो आकड्यांत उतरतो.

साशंक : मी शंका काढणार आहे, पण मालकांच्या बाजूने नाही, हे आधी सांगतो. मला कारखान्याची काळजी कमी आणि कामगार फसेल याची जास्त आहे. आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. 2016 मध्ये ओ'बॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंतच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. 102 नमुने, 56,984 कंपन्या. कर्मचारी-मालकी आणि कंपनीची कामगिरी यांचा सहसंबंध किती निघाला? 0.04. शून्य नाही, हे मान्य. पण कंपनी-कंपनीत जो फरक पडतो, त्यातला अर्धा टक्काही यातून उलगडत नाही. आणि यात नवल काहीच नाही. आल्चियन आणि डेमसेट्झ यांनी 1972 मध्येच सांगितलं होतं, की वाटेकरी जितके वाढतील तितकी एकेकाची ओढ कमी होणार. हजार जणांच्या कारखान्यात मी घाम गाळून एक रुपया जास्त मिळवून दिला, तर माझ्या वाट्याला एका पैशाचा दहावा भाग येतो. दुसऱ्याने गाळलेल्या घामातलाही मला तेवढाच मिळतो. मग मी का मरमर करू? सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं.

समर्थक : कळतं, पण माणसं तशी वागतात का? ब्लासी-क्रूस-फ्रीमन यांच्या प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता : शेजारचा माणूस काम टाळतोय असं दिसलं, तर तुम्ही काय कराल? ज्यांना नफ्यात वाटा होता, ते गप्प न बसण्याची, त्याच्याशी जाऊन बोलण्याची शक्यता जास्त होती. ज्यांना वाट्याबरोबर कामाच्या निर्णयात शब्दही होता, ते तर आणखीच. कँडेल आणि लझीयर यांनी 1992 मध्ये हेच गणितात मांडलं. हजाराव्या हिश्शाचा हिशेब एकट्या माणसाला लागू पडतो. चमूतला माणूस एकटा नसतो, त्याला शेजाऱ्याच्या नजरेची लाज असते. आपल्या कोकणातल्या होडीवर बघा. डिझेल, बर्फ यांचा खर्च वजा झाला, की उरलेल्याचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, खलाशांचे वाटे. कोण जाळं ओढतं आणि कोण नुसता हात लावतो, हे तिथे सगळ्यांना दिसतं. अमेरिकेनेसुद्धा सुरुवात मासेमारीपासूनच केली. 1792 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने कॉड मासेमारीला सरकारी मदत देणारा कायदा केला, त्यात अट अशी की खलाशांशी वाट्याचा लेखी करार हवा आणि मदतीतले आठपैकी पाच भाग खलाशांचे.

साशंक : होडीवर माणसं किती असतात? दहा, पंधरा. तिथे चालतं ते दहा हजारांच्या कारखान्यात चालेल, हे गृहीत कसं धरायचं? आणि ती शेजाऱ्याची नजर मला तुमच्याइतकी गोड वाटत नाही. मुकादम एक असतो तेव्हा निदान तो पलीकडे गेल्यावर पाठ टेकता येते. वाटा आला, की मुकादम प्रत्येकाच्या डोळ्यांत जाऊन बसतो. ज्याची कंबर धरली आहे, जिचं बाळ रात्रभर झोपलं नाही, त्यांना कोण सांभाळून घेणार? चमूचा बोनस बुडू नये म्हणून माणूस तापात कामावर येतो, आणि मग ती निष्ठा म्हणून मोजली जाते. दुसरी गोष्ट, या अभ्यासांत कारण कोणतं आणि परिणाम कोणता? ज्या कंपन्यांची मुळातच भरभराट आहे, व्यवस्थापन शहाणं आहे, त्याच शेअर वाटतात. मग त्या बऱ्या चालतात याचं श्रेय शेअरला का द्यायचं? किम आणि विमे यांनी 2014 मध्ये हे वेगळं करून पाहिलं. पाच टक्क्यांहून कमी शेअर वाटणाऱ्या, फार मोठ्या नसलेल्या कंपन्यांत पगारही वाढले आणि भागधारकांचंही भलं झालं. मोठमोठी वाटपं मात्र पुष्कळदा वेगळ्याच हेतूंनी झालेली निघाली. रोख पगार वाचवायचा, किंवा कोणी कंपनी ताब्यात घ्यायला आलं तर त्याला अडवायला कामगारांचे शेअर पुढे करायचे.

समर्थक : हेतू मिसळलेले असतात, हे कबूल. म्हणूनच मला फ्रान्सचा दाखला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तिथे कंपनीच्या मर्जीचा प्रश्न नाही. द गॉलच्या काळात, 1967 मध्ये, तिथे 100 पेक्षा जास्त कामगारांच्या कंपन्यांना नफ्यात वाटा देणं सक्तीचं झालं. 1990 च्या बदलाने ती मर्यादा 50 वर आली. म्हणजे 50 ते 100 माणसांच्या कंपन्या न मागता कायद्याखाली आल्या. निमिए-डाविड, स्राएर आणि तेस्मार या अभ्यासकांनी या कंपन्यांचं पुढे काय झालं ते तपासलं. उत्पन्नातला कामगारांचा हिस्सा वाढला, मालकांचा घटला. जास्त शिकलेल्यांचे मूळ पगार काहीसे दबले, पण खालच्या कामगारांच्या हातात खरोखर जास्त पैसे पडले.

साशंक : आणि उत्पादकता?

समर्थक : तिच्यात फरक दिसला नाही.

साशंक : म्हणजे मघाशी जपानचा आधार घेऊन जे सांगितलंत, ते इथे गळून पडलं.

समर्थक : गुंतवणूकही घटली नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. शंभर वर्षं मालक सांगत आले, की कामगाराला नफ्यात वाटा दिला तर नवी यंत्रं कोण घेणार, धंदा वाढणार कसा. तसं काही झालं नाही. आपण या संशोधनाला सुरुवातीपासून चुकीची परीक्षा द्यायला लावली, असं मला आता वाटू लागलं आहे. कामगाराला वाटा दिला तर मालकाचा फायदा होईल का, हे आपण विचारत बसलो. फायदा झाला तर वाटा द्यायचा, नाही झाला तर नाही. भागधारकाला लाभांश देताना तो त्यामुळे अधिक उत्पादक होतो का, असं कोणी विचारत नाही.

साशंक : हे मला पटतं, आणि म्हणूनच मुंबईची गोष्ट काढतो. हा प्रश्न आपल्या गिरणगावात अभ्यासकांच्या कितीतरी आधी रस्त्यावर लढला गेला. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत गिरण्यांनी बक्कळ नफा केला आणि कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. मंदी आल्यावर 1923 चा बोनस नाकारला. 1924 च्या जानेवारीत दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने सांगितलं, बोनसवर कामगारांचा हक्क पोहोचत नाही. देणाऱ्याने दिलं तर घ्यायचं. तिथून चाळीस वर्षं झगडा चालला. 1961 मध्ये मेहेर आयोग नेमला गेला, 1965 मध्ये बोनस कायदा झाला. किमान चार टक्के, कमाल वीस टक्के. पुढे किमान 8.33 टक्के झालं. आणीबाणीत ते कापलं, 1977 मध्ये परत आलं. आता हा 8.33 आकडा कुठून आला? तो वर्षाच्या पगाराचा बारावा भाग आहे. म्हणजे एक महिन्याचा पगार, आणि तोही कारखान्याला नफा होवो की तोटा. मालक म्हणायचे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कामगार म्हणाले, आड तुमचा, त्याची खोली तुम्ही सांगणार, ताळेबंद तुम्ही लिहिणार. आम्हाला पोहरा भरून हवा. नफ्यातला वाटा मागायला निघालेल्या लोकांनी शेवटी त्याचा तेरावा पगार करून घेतला. दिवाळीला मुलांचे कपडे, फराळाचं सामान, गावी मनिऑर्डर, हे सगळं त्यावर ठरलेलं असायचं. ते शिल्लक पडण्या न पडण्यावर सोडता येत नाही. कामगाराला वाटा नको होता, त्याला खात्री हवी होती. तुमच्या प्रश्नावल्यांपेक्षा हा जबाब मला मोठा वाटतो.

समर्थक : मला त्यात दुसरं काही दिसतं. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा होता. गावातल्या घराघरातलं सगळं दूध आणून ओतलं, गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिने आधी घरातल्या मुलाबाळांना, वासरांना दूध पाजलं होतं, उरलं ते खुलभर घेऊन आली, आणि गाभारा भरला. या विषयाच्या संशोधनात तोच धडा पुन्हा पुन्हा निघतो. वाटा जेव्हा रास्त पगाराच्या वर मिळतो, जोडीला नोकरीची शाश्वती, प्रशिक्षण आणि बोलायला जागा असते, तेव्हा तो लागू पडतो. पगारातून कापून दिला, की पडत नाही. मुंबईच्या कामगाराने आधी वासरांचं पोट बघितलं, इतकंच.

साशंक : मग युनायटेड एअरलाइन्सचं काय सांगाल? 1994 मध्ये तिथल्या वैमानिकांनी आणि यंत्रकामगारांनी पगार सोडून 55 टक्के मालकी घेतली. जगातली सगळ्यात मोठी कामगार-मालकीची कंपनी म्हणून गाजावाजा झाला. हवाई सेविकांच्या युनियनने त्यात पडायला नकार दिला होता. डिसेंबर 2002 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सोडलेल्या पगारांच्या बदल्यात मिळालेले शेअर मातीमोल झाले. त्याच्या वर्षभर आधी एन्रॉन बुडाली होती. तिथल्या लोकांच्या म्हातारपणाच्या बचतीतला निम्म्याहून मोठा भाग एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. एकाच दिवशी नोकरीही गेली आणि पुंजीही. श्रीमंत माणूस पन्नास कंपन्यांत पैसे ठेवतो, एक बुडाली तर हळहळतो आणि जेवायला बसतो. कामगाराकडे विकायला एकच गोष्ट असते, त्याचे हात, आणि ते त्याने आधीच एका कारखान्यात गुंतवलेले असतात. त्याची बचतही तिथेच नेऊन ठेवायला सांगणं मला क्रूरपणा वाटतो. नफ्यात वाटेकरी व्हायचं तर तोट्याचंही धनी व्हावं लागतं, आणि तो तोटा झेपण्याइतकं त्याच्या घरात काही नसतं.

समर्थक : थांबा. कामगार आज तोट्याचा धनी नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतल्या कोणाकडे गिरणीची मालकी नव्हती. तुमच्या हिशेबाने त्यांची जोखीम शून्य असायला हवी. मग गिरण्या बंद पडल्या तेव्हा चाळीतल्या खोल्या कोणी सोडल्या? कोणाच्या मुलींची लग्नं मोडली, कोणाचे मुलगे शाळा सोडून कामाला लागले? तोटा सगळा त्यांच्याच अंगावर आला. आणि मग कळलं, की गिरणीचं खरं मोल मागात नव्हतंच, जमिनीत होतं. 1991 च्या नियमांत त्या जमिनीचे साधारण तीन वाटे धरले होते. एक महापालिकेच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि पहिले दोन वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. परळ-लोअर परळला टॉवर उभे राहिले. ज्यांच्या तीन पिढ्या त्या भोंग्यावर उठल्या, त्यांच्या हाती म्हाडाच्या सोडतीचा अर्ज आला. कामगाराने तोटा पूर्ण भोगला, आणि जे शिल्लक राहिलं त्यावर त्याचं नाव कुठेच नव्हतं. तुम्ही ज्याला जोखमीपासून वाचवणं म्हणता, ते हे आहे.

साशंक : (जरा वेळाने) याला माझ्याकडे उत्तर नाही. मालकी नसली तरी जोखीम असतेच, हे मी मघाशी बोललो त्यात सुटलं होतं. पण मग मालकी कामगाराला कधी मिळते ते बघा. धंदा तेजीत असताना कोणी देत नाही. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज 1985 मध्ये बंद पडला. मालक घराण्यात भांडणं, कारखाना कर्जात. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मंजुरीने तो कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. समाजशास्त्रज्ञ शरित भौमिक यांनी त्याचा जवळून अभ्यास केला. बंद पडलेला कारखाना कामगारांनी पुन्हा उभा करून दाखवला, पहिली वर्षं चांगली गेली. नव्वदच्या दशकात मात्र खेळतं भांडवल आटलं, आतले मतभेद वाढले, आणि तो घसरत गेला. कामगाराला कारखाना मिळतो तो खाटेवर पडलेला. तो दगावला की लोक म्हणतात, बघा, कामगारांना कारखाना चालवता येत नाही.

समर्थक : बरोबर, आणि म्हणूनच आजारी कारखान्यांवरून निष्कर्ष काढू नयेत. उरुग्वेमध्ये गाब्रिएल बुर्दिन यांनी कामगारांनी चालवलेल्या आणि इतर कंपन्यांची वर्षानुवर्षांची सरकारी नोंद तपासली. कामगारांच्या कंपन्या बंद पडण्याचा धोका 29 टक्क्यांनी कमी निघाला. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या प्लायवूड सहकारी संस्थांत क्रेग आणि पेंकावेल यांना दिसलं, की बाजार पडला तर तिथे माणसं काढत नसत, सगळ्यांची मजुरी थोडी खाली येई. मला यात नुसता मजुरीचा आकडा दिसत नाही. मंदी कोणी झेलायची हे तिथे बैठकीत ठरायचं. आणि भांडवलाचं म्हणाल, तर स्पेनमधल्या बास्क प्रांतात, मोन्द्रागोनला, फादर आरिस्मेन्दिआरिएता यांच्या पाच विद्यार्थ्यांनी 1956 मध्ये पहिला कारखाना काढला आणि 1959 मध्ये लगेच स्वतःची बँक काढली. कमानीच्या मागे अशी बँक नव्हती. तुमच्या जोखमीच्या मुद्द्यावरही तोडगा आहे. इंग्लंडमधल्या जॉन लुईसमध्ये शेअर माणसांच्या नावावर नाहीत. 1929 मध्ये मालकाने कंपनी कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त निधीकडे सोपवायला सुरुवात केली. कामगाराने दमडी गुंतवलेली नसते. नफा झाला तर बोनस, नाही तर नाही. 2021 मध्ये 1953 नंतर प्रथमच बोनस मिळाला नाही, पण त्या दिवशी कोणाची पुंजी बुडाली नाही.

साशंक : मोन्द्रागोनचं नाव काढलंत म्हणून विचारतो. त्या पहिल्या कारखान्यातून वाढलेली फागोर ही घरगुती यंत्रांची कंपनी 2013 मध्ये बुडाली. स्पेनमधल्या बऱ्याच सभासद कामगारांना भगिनी संस्थांनी सामावून घेतलं. ही मोठीच गोष्ट, कुठल्या खासगी कंपनीत झाली नसती. पण फागोरचा कारखाना पोलंडमध्येही होता. तिथले कामगार सभासद नव्हते, ते नुसते पगारी नोकर. त्यांना कोणी सामावून घेतलं नाही. मला हे वाचून परकं वाटलं नाही, कारण आपण हे प्रवरानगरपासून बघतो आहोत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभं केलेलं काम मी लहान मानत नाही. शेतकरी साखर कारखान्याचा मालक झाला, हा या महाराष्ट्रातला फार मोठा बदल. पण मालक ऊसवाला झाला. फडात कोयता चालवणारी, सहा महिने पाचटाच्या कोपीत राहणारी जोडपी त्या सभासदांच्या यादीत कधीच नव्हती. मालकी जितकी घट्ट होते, तितकी कुंपणाबाहेरच्या माणसाची मजुरी हा आतल्यांचा खर्च होतो. आतली माणसं वाईट असतात असं नाही. ताळेबंद त्यांना तसं बघायला लावतो.

समर्थक : लिज्जतचं उदाहरण मग तुम्ही कुठे ठेवाल? 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तिथे नियमच असा, की जी काम करते ती सभासद, आणि नफ्या-तोट्यात सगळ्या भगिनींचा वाटा सारखा. पुढे हजारो बायका आल्या, तरी दार बंद झालं नाही. म्हणजे कुंपण हा मालकीचा स्वभावच आहे असं नाही.

साशंक : लाटणं आणि पोळपाट प्रत्येकीच्या घरात असतं, आत यायला भांडवल लागत नाही. म्हणून दार उघडं ठेवणं परवडतं. पोलाद ओतणाऱ्या कारखान्यात दार उघडं ठेवाल? आपल्याकडे शेअरवाटप म्हटलं की आजही हिंजवडी डोळ्यांपुढे येते, चाकण येत नाही. आणि चाकणच्या कारखान्यातही उद्या तुमची योजना आली, तर ती कायम कामगारांना मिळेल. त्याच पट्ट्यावर, तोच नट आवळणारा, तोच गणवेश घातलेला पण ठेकेदाराच्या हजेरीपत्रकावरचा पोरगा यादीत नसेल. उलट वाटा सुरू झाल्यावर त्याला कायम करू नये असं कायम कामगारालाच वाटू लागेल, कारण वाटेकरी वाढले की त्याचा वाटा घटतो. मघाशीच्या हजाराव्या हिश्शाच्या गणिताची मला खरी भीती इथे वाटते.

समर्थक : तो पोरगा तोट्यात आधीच वाटेकरी आहे. ऑर्डर घटली की पहिला तोच घरी जातो.

साशंक : हो. तुमच्या आवडत्या प्रश्नावल्या त्याच्यापर्यंत कशा पोहोचणार? कंपनीच्या पटावर ज्याचं नाव, त्यालाच कंपनीबद्दल विचारलं जातं.

समर्थक : मग पुढचा अभ्यास त्याच्यापासून सुरू व्हायला हवा. आणि तुम्ही म्हणता तसं झालं, वाटा मिळालेल्यांनीच त्याची वाट अडवली, असं निघालं, तर मला माझ्या बाजूचं बरंच काही नव्याने मांडावं लागेल.

साशंक : आणि त्यांनी त्याला आत घेतलं असं निघालं, तर मला. पण तोवर त्याने काय करायचं?